मसाउकोचा उजवा कान

ब्लांटायर
रविवार, ७ जुलै २०१९

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामींना सलाम. तुम्ही पाठवलेली सुकी उसिपा मासळी मिनीबसवाल्याने न सांडता पोचवली. पिशवी सोडल्याबरोबर सगळ्या मजल्यावर तळ्याचा वास पसरला आणि शेजारच्या बाई, काही हवंय का असं विचारायचं निमित्त करून, दोन वेळा येऊन गेल्या. दुसऱ्या वेळी मी वाटीभर दिली.

आईशी फोनवर बोलले, ती बरी आहे. तिची दाढ अखेर काढली. आता गाल धरून बोलते आणि दुखत नाही म्हणते. इथे चिपेरोनी सुरू झालाय. चार दिवस नुसतं धुकं आणि बारीक भुरभुर, वाळत घातलेले कपडे हाताला ओलेच लागतात. तुमचा गुडघा कसा आहे? मामींना सांगा, रात्री त्याला गरम फडकं बांधून देत जा.

समारंभाचं कळलं. तीन ऑगस्टला तुम्ही निवृत्त होणार आणि कान-नाक-घसा विभागाच्या दारावर तुमच्या नावाची पाटी लागणार, हे आईने मला तीन वेळा फोन करून सांगितलं. मी भाषण करायचं हेही तिनेच ठरवलं. कागद समोर घेतला आहे. "माझे मामा डॉक्टर नाहीत, क्लिनिकल ऑफिसर आहेत, पण तळ्याकाठी तीस वर्षं कानाचा डॉक्टर म्हणजे तेच," एवढं लिहून झालं. पुढे सरकत नाही.

लिहिण्यासारखं नाही असं नाही. शाळेत एकशे तीस मुलांच्या वर्गात मला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, कारण माझ्या दोन्ही कानांतून पू यायचा. बाईंचं बोलणं मला ऐकूच यायचं नाही, आणि घरी आले की मी काहीच न शिकता आलेली असायचे. तुम्ही आईला म्हणालात, "हिला शाळेत पाठवून काय उपयोग? हिला मी शिकवतो." आणि दोन वर्षं तुमच्या ओसरीवर, सकाळी आधी कापसाची वात करून तुम्ही माझे कान कोरडे करायचात आणि मग पाटी. अक्षरं मी दवाखान्याच्या जुन्या केसपेपरांच्या पाठीवर गिरवली. पहिलं पूर्ण वाक्य वाचलं ते एका अनोळखी माणसाच्या नाकातल्या मांसाबद्दल होतं. मी कधी चुकले तर तुम्ही मारलं नाही. एवढंच म्हणायचात, "पोरी, दिसलं ते लिही. वाटलं ते लिहू नकोस."

हे भाषणात सांगितलं तर सगळे रडतील. तरी कागद पुढे सरकत नाही.

बरं, एक गोष्ट विचारायची आहे. छोटीशीच. मंगळवारी मी नामालिंडेला गेले होते. नव्या अभ्यासात, ज्या वहीवरून मी माझा लेख लिहिला त्या तुमच्या वहीतली एकेचाळीस मुलं शोधायची आहेत. २००६ साली तुम्ही ज्यांचे वाहते कान धुऊन, थेंब घालून बरे केले आणि पुढे पाच वर्षं दरवर्षी जाऊन तपासले, ती. आता ती मोठी झाली, तर त्यांना किती ऐकू येतं ते यंत्रावर मोजायचं. नामालिंडेत त्यांतली अकरा. म्हणून सुरुवात तिथून केली.

जांडोचे दिवस आहेत. रानाकडून ढोल ऐकू येत होते, मुलगे सुंतेसाठी आत झोपड्यांत बसलेले. अंगणात सात-आठ बायका भुईमूग फोडत होत्या. मी गुडघे टेकून सलाम केला, बसले, तुमची वही उघडली आणि पहिलं नाव मोठ्याने वाचलं.

"मसाउको कुठे भेटेल?"

शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"कोण?" एका म्हातारीने विचारलं.

"मसाउको, आजी. सात वर्षांचा होता. उजवा कान वाहायचा."

"ऐकलंत का गं? ही बाई बाप्या माणसांना अंगड्याटोपड्यातल्या नावाने हाका मारत गावात हिंडतेय!"

मग जे हसणं सुटलं, मामा, मला वाटलं जमिनीत जावं. एक म्हणाली, "शहरातली आहे गं, तिकडे पोरगे मिशा फुटेपर्यंत बाळच असतात." दुसरी म्हणाली, "हिचं स्वतःचं काही झालंय का ते विचारा आधी!" म्हातारीने मला आपादमस्तक पाहिलं. "कुणाची गं तू?"

"त्वैबू दवाखानेवाल्यांची. बहिणीची मुलगी."

"त्वैबूची? आणि त्याने तुला एवढंही शिकवलं नाही?"

तुम्हीच शिकवलं होतं. जांडो करून रानातून परत आलेल्या मुलाला जुन्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. मुलींच्या विधीत माझं नाव बदललं त्या दिवसापासून आपल्या घरात कोणी जुनं उच्चारलं नाही. एकदा धाकट्या भावाच्या तोंडून निसटलं तेव्हा तुम्ही त्याला जेवण न देता उठवलं होतं. मला सगळं माहीत होतं. पण कागदावरचं नाव मला आकड्यासारखं वाटलं, आणि मी वाचून टाकलं. तिथेच म्हातारीची माफी मागितली. तिने मूठभर शेंगा हातात ठेवल्या, म्हणजे माफ केलं असावं. मग उरलेली नावं मी हळू, त्या बायकांच्या कानाशी जाऊन सांगितली आणि त्यांनी नवी नावं सांगितली.

आता विचारायचं ते हे. तुमच्या वहीत २००८, २००९, २०१०, २०११ या सगळ्या वर्षांना तीच जुनी नावं आहेत. मुलगे दहा वर्षांचे, बारा वर्षांचे, आणि नाव दुधातलं. कुठलीही आई जांडो झालेल्या मुलाला त्या नावाने तुमच्यासमोर उभा करणार नाही. निदान कडेला तरी तुम्ही नवं नाव लिहिलं असतं. मागे मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की मला जुळवायला सोपं जावं म्हणून जुनीच ठेवली. तसंच असणार. पण मग नवी नावं लिहिलेली दुसरी एखादी वही असेल. ती मिनीबसवाल्याकडे द्याल का? मी चार दिवसांत परत करीन. एवढी वही मिळाली की माझं काम झालं.

बाकी नामालिंडेचं विशेष काही नाही.

हे पत्र मी तीनदा फाडून पुन्हा लिहिलं, म्हणून काही राहून गेलं असेल तर रागावू नका. उत्तराची वाट पाहते.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
अजिदा


ब्लांटायर
रविवार, २१ जुलै २०१९

मामा,

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. दोन पानं आहेत. शेळीला दोन पिल्लं झाली, त्यांतलं एक पांढरं. दवाखाना चालवणाऱ्या मिशनच्या लोकांनी समारंभाला तंबू मागवलाय. मामींनी कमरेला गुंडाळायला नवं चितेंजे घेतलं. आणि दुसऱ्या पानाच्या अगदी खाली, जागा उरली होती म्हणून लिहिल्यासारखं: "कानाला नाव नसतं, पोरी. तुझा लेख चांगला आहे, मुलं चांगली आहेत. उकरू नकोस. तीन तारखेला लवकर ये, मामीला मदत होईल."

वहीबद्दल एक शब्द नाही.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला.

"अजिदा, मामाला काय लिहिलंस तू?"

"वही मागितली, आई."

"वही मागितली म्हणे! वहिनी सांगत होती, माणूस दोन दिवस न्सिमाच्या घासाला हात लावत नाहीये. तुझे कान सडले होते तेव्हा कुठे होती गं तुझी वही? वासाने मी, तुझी सख्खी आई, तोंड फिरवायचे. त्याने नाही फिरवलं."

"मला माहीत आहे."

"माहीत असतं तर लिहिलं नसतंस. आपल्यात मामा म्हणजे कोण ते तुला मी सांगायचं? उद्या तुझं लग्न ठरलं तर बोलायला कोण बसणार? मी मेले तर माझ्या मातीला पुढे कोण उभं राहणार, तुझी ती ब्लांटायरची मॅडम?"

"आई, ऐक ना..."

"आणि नावांचंच ना? नावं तर नावं! दे सोडून."

तिने फोन ठेवला. तिला मी सांगू शकले नाही. तुम्हालाही पहिल्या पत्रात सांगितलं नाही. नामालिंडेचं बाकी विशेष काही नाही असं मी लिहिलं, ते खोटं होतं. मी वाट बघत होते की तुम्ही आपणहून सांगाल.

त्या दिवशी अंगणात एक बाई हसली नव्हती. टोकाला बसली होती, मांडीवर सूप घेऊन. बाकीच्या पांगल्यावर ती गाडीपर्यंत आली आणि म्हणाली, "तू विचारलंस तो माझा. जाफाली नाव त्याचं. तो नाही."

मला वाटलं, कामाला गेला असेल, दक्षिणेकडे खाणीत वगैरे. मी विचारलं, परत कधी येईल? तिने मान हलवली, तेव्हा मला कळलं.

तिने सांगितलं ते जसं सांगितलं तसं लिहिते. "पहिली दोन वर्षं दवाखानेवाले शनिवारी मोटारसायकलवर यायचे. माझ्या पोराच्या मागे उभे राहायचे आणि हळूच आकडे कुजबुजायचे. तो सगळे बरोबर सांगायचा आणि हसायचा. कान कोरडा झाला होता. मग जांडोहून आला आणि पुन्हा सुरू झालं. पण या वेळी वास. शेजारी बसलेली पोरं उठून जायची. मी मास्तरांबरोबर दवाखान्यात निरोप पाठवला. मग सायकलवाल्याबरोबर पाठवला. मका कमरेएवढा होता तेव्हा त्याचं डोकं दुखायला लागलं. ओकायचा. मान वळेना. शेवटी मला ओळखेना. मी आठव्या महिन्यात होते, उचलून नेणार कशी?"

मी विचारलं, कोणतं वर्ष? ती आत गेली आणि धाकटीचं जन्माचं कार्ड घेऊन आली. मुलगी २० मार्च २००९ ला झाली. जाफाली त्याच्या पाच आठवडे आधी गेला.

आता तुमची वही. पान सत्तावीस, तुमचं अक्षर, निळी शाई. "शनिवार, १४ मार्च २००९. मसाउको, वय १०. उजवा कान कोरडा. कुजबूज ऐकू येते. आई समाधानी."

मुलाला माती देऊन महिना झाला होता, मामा.

२०१० ला तो पुन्हा आहे. २०११ लाही. कान कोरडा. आई समाधानी.

मी तीन दिवस तेवढंच वाचत होते. मग मनात म्हटलं, तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या गावाला गेला असाल, गल्लत झाली असेल, दुसऱ्याच मुलाचं लिहायचं यावर लिहिलं असेल. तुमच्यासाठी सबबी शोधायला मला कधी कष्ट पडले नाहीत. खरं काय ते बघावं म्हणून मी कपाटावरचा माझा जुना पत्र्याचा पेटारा काढला. माझ्या शाळेच्या सगळ्या वह्या मी ठेवल्यात, तुम्ही हसता त्याला. फॉर्म फोरच्या, शाळेतल्या शेवटच्या परीक्षेचं वर्ष. पदार्थविज्ञानाची वही. ध्वनी आणि लहरी. पानाच्या खाली लाल शाईत तुमची सही, आणि तारीख १४ मार्च २००९.

मला तो दिवस आठवतो. तुम्ही दवाखान्यातून स्वरकाटा आणला होता. तो गुडघ्यावर आपटून टेबलाच्या लाकडावर उभा धरलात आणि मला म्हणालात, कान लाव. माझा डावा कान तेव्हाही थोडा मंदच होता, तरी लाकडातून आवाज आला, आणि मी ओरडले, मामा, टेबल बोलतंय! मामींनी दुपारी प्यायला थोब्वा आणून ठेवलं होतं. आपण संध्याकाळपर्यंत बसलो होतो. तो दिवस मला इतका आवडलेला होता, की कानाचं शास्त्र शिकायचं मी त्या दिवशी ठरवलं असं मुलाखतीतसुद्धा सांगितलं होतं.

मग मी सगळ्या तारखा जुळवल्या. २००८ आणि २००९ मध्ये तुमच्या वहीत गावोगावच्या तपासणीचे एकोणीस शनिवार आहेत. त्यांतले सतरा माझ्या वह्यांत आहेत, लाल शाईत, तुमच्या सहीने.

मला वाटायचं, आपल्याला फसवलं गेलं हे कळल्यावर माणूस ओरडतो, काहीतरी फेकतो. मी टेबलाशी बसून ताळा करत होते. सतरा बरोबर आहेत ना, म्हणून दोनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा लक्षात आलं की मी रडतेय आणि वहीवर पाणी पडतंय, तर आधी वही सरकवली.

तुम्ही थकला होतात हे मला ठाऊक आहे. त्या वर्षी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर देश सोडून गेले होते आणि सगळा विभाग तुमच्या एकट्याच्या अंगावर होता. दिवसाला शंभर माणसं. आठवड्यात तुम्हाला एकच मोकळा दिवस, आणि तो त्या मुलांना द्यायचा की मला, हे तुम्हाला ठरवावं लागलं. तुम्ही मला दिलात. वर्षाच्या शेवटी परदेशातून पाहुणे यायचे, वही बघायचे आणि मान डोलवायचे. वही कोरी कशी दाखवायची? हे सगळं मी समजू शकते. मला एवढंच समजत नाही की तुम्ही मला का नाही सांगितलं. मी सतरा वर्षांची होते, लहान नव्हते. मोटारसायकलच्या मागे बसून नामालिंडेला आले असते. झाडाखाली बसून अभ्यास केला असता. तुम्ही कान बघितले असते, मी आकडे सोडवले असते. किंवा नापास झाले असते! नापास होणं इतकं वाईट होतं का?

तुम्ही माझ्यासाठी केलंत, म्हणूनच मला तुमच्यावर नीट रागावताही येत नाही. आणि ज्याच्यावर रागावता येत नाही त्याने केलेला घात कुठे नेऊन ठेवायचा, ते मला कळत नाही.

आता माझं.

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून पत्र आज निघतंय, गुरुवारी नाही. २०१६ साली तुमची वही संगणकावर उतरवताना मला ते दिसलं होतं. नावं बदलत नाहीत हे मला नामालिंडेतल्या म्हातारीने नाही सांगितलं. मला तीन वर्षं माहीत आहे. मी याव जमातीची मुलगी आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या पुढे दुधातलं नाव बघून कोणाही याव मुलीला कळेल की लिहिणारा तिथे गेला नव्हता. मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "अगं, प्रत्येकाचं नवं नाव लिहीत बसलो तर तुझं ते यंत्र म्हणेल, एकेचाळीसची ब्याऐंशी पोरं झाली!" मी हसले. खरंच हसले, मला इतकं हलकं वाटलं. आणि पुढचं पान उतरवायला घेतलं.

मग लेख लिहिला. त्यात एक वाक्य आहे: "सर्व मुलांना दरवर्षी प्रत्यक्ष भेटून तपासण्यात आले." ते वाक्य तुमचं नाही. तुम्ही कधीच तसं म्हणाला नव्हतात, मी परत सगळं आठवून पाहिलं. ते माझं आहे. मला पदवी त्यावर मिळाली, नोकरी त्यावर मिळाली. तुम्ही वहीत लिहिलंत तेव्हा परदेशातले पाहुणेच फसले असतील. मी लिहिलं तेव्हा सगळा जिल्हा फसला.

कारण तो लेख कोणीतरी वाचला, मामा. आपल्याला वाटत होतं कोणी वाचत नाही. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाने त्यावरून परिपत्रक काढलं: वाहता कान असेल तर गावातच धुवा, सहा महिने थेंब घाला, त्याआधी शहरात पाठवू नका, पाच वर्षांनीही कान कोरडे राहतात असं दिसून आलं आहे. त्या मंगळवारी दुपारी मी नामालिंडेतल्या आताच्या नऊ लहान मुलांच्या कानांत पाहिलं. दोघींच्या कानाला तो वास होता. तुम्हाला सांगायला नको कोणता. ऑटोस्कोप लावायच्या आधीच कळतं. आत हाड खाल्लं जात होतं. त्यांतली सहा वर्षांची जी होती तिला डावा डोळा पूर्ण मिटता येत नव्हता आणि पाणी प्याली की ओठाच्या कोपऱ्यातून गळत होतं. पाच महिने थेंब चालू होते. मी आरोग्यसेविकेवर ओरडले. मी कधी कोणावर ओरडत नाही. ती बिचारी आत गेली, भिंतीवर डकवलेलं परिपत्रक काढून घेऊन आली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे नाव तुमचंच ना?"

दोघींना मी त्याच गाडीतून ब्लांटायरला आणलं. धाकटीचं ऑपरेशन गुरुवारी झालं. ती वाचली. चेहरा सरळ होईल की नाही, आताच सांगता येत नाही. दुसरीचा नंबर मंगळवारी आहे. परिपत्रक लावलेल्या बाकीच्या गावांत अशी किती आहेत ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. आपल्या दोघांच्या कागदामुळे कोणी बघितलेलंच नाही.

शुक्रवारी मी सगळं आमच्या विभागप्रमुख सिंगिनी मॅडमच्या टेबलावर ठेवलं. तुमची वही, माझ्या वह्या, जन्माचं कार्ड मी उतरवून आणलं होतं ते, आणि लेख मागे घेत असल्याचं माझ्या सहीचं पत्र. त्यांनी चष्मा काढून सगळं वाचलं.

"यात तुझी जागा जाईल, हे कळतंय ना?"

"हो, मॅडम."

"आणि मामांचं नाव जाईल."

"हो."

"रविवारपर्यंत विचार कर. मी हे तोवर ड्रॉवरमध्ये ठेवते."

"मॅडम, मी तीन वर्षं विचार करतेय."

त्यांनी तिथल्या तिथे जिल्हा कार्यालयाला फोन लावला. परिपत्रक सोमवारी थांबवतील. लेखाचं पत्रही गेलं. म्हणजे एक-दोन दिवसांत मिशनच्या लोकांनाही कळेल. तुम्हाला त्यांच्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून मी मिनीबसवाल्याला दुप्पट विनवण्या करून हे आजच देतेय. मी तुमची परवानगी मागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मागत नाही.

तीन ऑगस्टला मी येणार नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला तुम्ही सांगा किंवा मी सांगेन, पण खरं कारण सांगू या. मला कुटुंबातून काढलंत तरी तो तुमचा हक्क आहे, मी कोणाकडे तक्रार करणार नाही. त्या शनिवारी मी नामालिंडेत असेन. तिथून पुढे एकेक गाव, जेवढ्या दिवसांची नोकरी उरली आहे तेवढे दिवस.

एक राहिलं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हे माझं नाही, निरोप आहे.

जाफालीच्या आईला मी वहीत काय लिहिलंय ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती तुम्हाला नावं ठेवत नाही. तुम्ही आकडे कुजबुजायचात त्याची नक्कल करून दाखवली तिने मला, हसत. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीत हात ठेवून ती म्हणाली, "तुझ्या मामांना एक विचारशील का? मी दोनदा सांगावा धाडला होता. तो पोचलाच नसेल तर मास्तरांची चूक, सायकलवाल्याची चूक. पण पोचला होता का, एवढंच मला कळायला हवंय. दहा वर्षं मी तेवढंच मनात घोळवतेय."

मी तिला म्हटलं, विचारते.

म्हणून विचारते, मामा. पोचला होता का?

मला लिहू नका. मला लिहिलंत तर मी पुन्हा काहीतरी सबब शोधून तुमच्यावर विश्वास ठेवीन. जाऊन तिला सांगा. ती घरीच असते.

अजिदा